नाशिकच्या ताटासोबत रेड वाईन आणि शॅम्पेन

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशातला आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिलात खोली तिशीच्या वर जाते आणि तेवढ्या कोमट शिराझमधून (ही एक रेड वाईन) आधी नुसता अल्कोहोल नाकात चढतो, फळाचा वास दबतो. म्हणून उन्हाळ्यात रेडची बाटली जेवणाआधी सव्वा तास फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घातलेल्या बादलीत १०-१२ मिनिटं. नुसता बर्फ काचेला सगळीकडून भिडत नाही, पाणी हवंच.

शॅम्पेनला ८ ते १० अंश लागतात. त्याच बादलीत अर्धा तास, किंवा फ्रीजमध्ये तीन-चार तास. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

नावाचंही सांगायला हवं. शॅम्पेन म्हणजे फक्त फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातली. दिंडोरी, गंगापूर भागात होते ती स्पार्कलिंग वाईन. पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत इथंही वापरतात, त्यामुळे पुढचं सगळं दोन्हींना लागू.

बाटलीत ५-६ वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बूच उडवणं दिसायला छान, पण डोळा जाऊ शकतो आणि निम्मा फेस जमिनीवर. कागद काढा, बुचावर अंगठा ठेवा, तारेचा पीळ सहा अर्धे वेढे देऊन सैल करा. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला की जमलं. ग्लासला साबण राहिला असेल तर फेस लगेच बसतो. गरम पाण्यानं पुन्हा विसळा.

चाखताना ५०-६० मिली पुरे. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. कोवळ्या रेडची कड जांभळट असते, तपकिरी झाली तर वाईन जुनी किंवा हवा लागून बिघडलेली. ग्लास फिरवा, वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. हॉटेलात पहिला घोट देतात तो हेच तपासायला, बिनधास्त परत करा. मग घोट जिभेवर घोळवा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते तसं वाटतं ना? तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं.

जोडीचं गणित इथूनच सुरू होतं. मटणातली प्रथिनं, चरबी आणि मीठ हा तुरटपणा मऊ करतात. सुकं मटण आणि कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेड, ही जोडी पक्की. काळा मसाला चालतो, उलट त्यातलं भाजलेलं खोबरं, दगडफूल शिराझच्या मिरीसारख्या वासाशी छान जुळतं. तिखट मात्र अर्धं करा, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात. झणझणीत रस्सा वेगळ्या वाटीत, शेवटी. शाकाहारी पाहुण्यांना निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत द्या, शेंगदाण्याचं तेल जरा सढळ. मिसळीबरोबर वाईन नकोच, ताक घ्या.

माशाला रेड टाळा. त्यातलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात नाणं चघळल्यासारखं लागतं. रव्यात तळलेल्या सुरमईला ब्रूट, म्हणजे कमी साखरेची, स्पार्कलिंग घ्या.

तळणाशी शॅम्पेनइतकं दुसरं काही जमत नाही. कोथिंबीर वडीचा कुरकुरीत घास चावा, तेलाचा थर टाळूवर असतानाच घोट घ्या. आंबटपणा आणि बुडबुडे तो थर धुऊन नेतात आणि पुढची वडी पहिल्यासारखी लागते.

पुरणपोळीला मात्र ब्रूट आंबट, कडवट लागते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमहून कमी साखर असते. वाईन पदार्थाहून गोड हवी, म्हणून लेबलवर ‘डेमी-सेक’ बघा. त्यात ३२ ते ५० ग्रॅम असते. तीही पुरणापुढे कमी पडली तर गूळ थोडा कमी घाला.

उरलेली रेड बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. स्पार्कलिंगला पकड असलेलं झाकण लागतं आणि ती दुसऱ्या दिवशी संपवावी. बाटलीच्या तोंडात चमचा ठेवून फेस टिकत नाही.