लाईव्ह इव्हेंटमध्ये हॉट फॉइलने नावं टाकायचीत? मग मटेरियल असं निवडा

लाईव्ह हॉट फॉइल म्हणजे पाहुणा समोर उभा, त्याने नाव सांगितलं, तुम्ही त्या नावाची पितळी अक्षरं मशीनला लावली, दांडा खाली ओढला, गरम अक्षरांनी चमकदार फॉइल वस्तूवर दाबलं गेलं आणि दोन सेकंदांत वस्तूवर सोनेरी नाव तयार. बघायला इतकं सोपं वाटतं ना, म्हणून बहुतेक जण आधी मशीन घेतात, मग फॉइलचे रंग बघत बसतात, आणि नाव टाकायचं कशावर हे क्लायंट अगदी शेवटी ठरवतो. माझं म्हणणं आहे की आधी वस्तू ठरवा. वर्कशॉपमध्ये पीस खराब झाला तर बाजूला ठेवून दुसरा घेता येतो पण इव्हेंटला रांग लागलेली असते, लोक मोबाईल काढून व्हिडिओ घेत असतात, तिथे टेम्परेचर शोधत बसायला वेळ कुठला. तिथे असंच मटेरियल हवं जे थोडं इकडचं तिकडचं झालं तरी सांभाळून घेतं.

आधी फॉइल चिकटतं कसं ते बघा

फॉइलचा रोल म्हणजे एक पातळ पॉलिस्टर फिल्म, तिच्यावर उष्णतेने सुटणारा थर, मग रंगीत लॅकर, मग अॅल्युमिनियमचा अतिशय बारीक थर आणि सगळ्यात खाली गोंदाचा थर. नेहमीच्या फॉइलमधला सोनेरी रंग त्या लॅकरचा असतो, सोन्याचा नाही. गरम अक्षर दाबलं की सुटणारा थर वरची फिल्म सोडतो आणि गोंद जागा होऊन खालच्या वस्तूला धरतो. म्हणजे मटेरियलकडून तीन गोष्टी हव्यात: गोंद धरेल असा पृष्ठभाग, साधारण ८० ते १३० अंश सेल्सिअस उष्णता क्षणभर सोसायची ताकद, आणि दाब समान बसेल इतका सपाटपणा. यातली एक जरी नसली तरी महागातलं फॉइल पण काही करू शकत नाही.

आणि फॉइल सगळीकडे चालणारं एकच असं नसतं, लेदरचं वेगळं, कागदाचं वेगळं, प्लास्टिकचं वेगळं. म्हणून मटेरियल ठरलं की सप्लायरला वस्तूचा तुकडाच पाठवा आणि यावर कुठलं ग्रेड बसेल ते विचारा, नुसतं फोनवर "लेदर आहे" सांगून भागत नाही.

लेदर: इथे नीट वेळ द्या

लाईव्ह कामासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते व्हेजिटेबल टॅन लेदर, वरून कोटिंग नसलेलं आणि गुळगुळीत. झाडांच्या साली वगैरेंमधल्या टॅनिनने कमावलेलं हे कातडं थोडं घट्ट असतं, अक्षर दाबलं की खोल ठसा बसतो आणि तसाच राहतो, त्यामुळे फॉइल त्या खोलगट जागेत सुरक्षित राहतं आणि वर घासलं गेलं तरी लगेच उडत नाही. शिवाय फॉइल नको असेल तर नुसता ठसासुद्धा देखणा दिसतो, हा एक पर्याय हाताशी राहतो.

क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं लेदर मऊ आणि लवचिक असतं, बाजारातल्या बऱ्याच पर्स आणि पाकिटं याचीच. यावर फॉइल बसतं पण ठसा परत वर येतो, त्यामुळे अक्षर खोल दिसेल असं क्लायंटला कबूल करू नका. जास्त उष्णतेने कुठलंही लेदर आकसू शकतं, म्हणून टेम्परेचर कमीच ठेवून सुरुवात करायची.

आता ज्यांच्यापासून लांब राहायचं ते. तेल किंवा मेण भरलेलं लेदर, ज्याला पुल-अप म्हणतात, ते वाकवलं की वाकलेल्या जागी रंग फिकट होतो, हीच त्याची ओळख. दिसायला सुंदर असतं पण तेलावर गोंद टिकत नाही, नाव छान उमटतं आणि अंगठ्याने दोनदा चोळलं की सोनेरी चुरा बोटाला लागतो. साफियानोसारखं आडव्या तिरप्या रेघांचं लेदर असेल तर मोठी जाड अक्षरं जमतात पण बारीक सेरिफची (टोकांना छोट्या रेघा असलेली) अक्षरं रेघांच्या खाचांमध्ये तुटतात, जवळून बघितलं तर एखाद्या अक्षराची बारीक काडी मध्येच गायब असते. स्वेड नकोच, लव उभी राहते आणि फॉइलला बसायला जागाच मिळत नाही. पेटंट लेदरचं चकचकीत कोटिंग उष्णतेने चिकट होतं, तेही टाळा.

समोरच्या लेदरवर कोटिंग आहे का कळत नसेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब शोषला जाऊन जागा काळपट झाली तर पृष्ठभाग मोकळा आहे, मोत्यासारखा वर बसून राहिला तर कोटिंग, मेण किंवा तेल आहे असं धरून टेस्ट जास्त करा.

पीयू आणि रेक्झीन

कॉर्पोरेट गिफ्टमधल्या डायऱ्या, पासपोर्ट कव्हर, लगेज टॅग बहुतेक पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कृत्रिम लेदरच्या असतात; बाजारात अशा कृत्रिम लेदरला सरसकट रेक्झीनही म्हणतात. चांगलं पीयू लाईव्ह कामाला मस्त चालतं, पीस सगळे सारखे असतात आणि रंग भरपूर मिळतात. फक्त पीयू लवकर मऊ पडतं, म्हणून ८० ते ९० अंशांपासून सुरू करून पाच पाच अंशांनी वर जा. अक्षराभोवती चकाकी आली किंवा कडा वितळल्यासारखी दिसली की तुम्ही पुढे गेलात, एक पायरी खाली या.

थर्मो पीयू नावाचा एक प्रकार मिळतो, गरम डाय (अक्षराचा किंवा नक्षीचा धातूचा ठसा) लागला की तिथला रंग आपोआप गडद होतो. फॉइलच लागत नाही, म्हणजे फॉइल सुटायची, फाटायची भीती नाही. गर्दी जास्त आणि वेळ कमी असेल तर हे जरूर विचारात घ्या.

पीव्हीसीचं कृत्रिम लेदर मात्र बंदिस्त हॉलमध्ये मी सुचवणार नाही. जास्त तापलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा त्रासदायक वायू निघू शकतो, आणि तुम्ही तासन् तास त्याच मशीनवर वाकून बसणार आहात. वस्तू पीयूची आहे की पीव्हीसीची हे पुरवठादाराकडून लेखी घ्या, नुसतं हात लावून दोघांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही.

कागद, रिबन, लाकूड

कागद सोपा. कोटिंग नसलेला जाड कॉटन पेपर किंवा कार्ड सगळ्यात उत्तम, ठसाही येतो आणि फॉइलही स्वच्छ बसतं. खडबडीत टेक्स्चर असेल तर दाब वाढवावा लागतो आणि बारीक अक्षरं टाळावी लागतात. लॅमिनेशन केलेल्या बॉक्सवर मात्र अंदाजाने जाऊ नका, मॅट आणि सॉफ्ट टच (हाताला मखमली लागणाऱ्या) लॅमिनेशनवर एक फॉइल पक्कं बसतं आणि दुसरं नखाने निघतं, तिथे टेस्टशिवाय हो म्हणूच नका.

सॅटिन रिबनवर नावं सुरेख येतात, उष्णता कमी आणि दाब हलका ठेवायचा. उठावदार धाऱ्यांची रिबन किंवा सैल विणीचं कापड नको. लाकडाचे टॅग चालतात पण घासून गुळगुळीत केलेले, तेल किंवा पॉलिश न लावलेले हवेत. काच, धातू, सिरॅमिक, मेणबत्ती यांच्यासाठी क्लायंटने हट्ट धरला तर सरळ सांगा की नाव वस्तूवर नाही, वस्तूला बांधलेल्या लेदरच्या किंवा कागदाच्या टॅगवर टाकू. दिसतंही छान आणि बाटलीसारखी गोल वस्तू मशीनखाली धरायची कसरतही वाचते.

वस्तूचा आकार विसरू नका

मटेरियल योग्य पण वस्तू चुकीची, असं खूप होतं. पाऊचमध्ये फोम भरलेला असतो, आत अस्तर असतं, झिप नेमकी नावाच्या जागेखाली येते, शिवणीचा उंचवटा असतो, आणि मग नावाचं अर्धं अक्षर ठळक, अर्धं फिकट. नमुना हातात घेऊन नावाच्या जागेच्या खाली बोटाने चाचपून बघा. आत जायला जागा असेल तर सपाट जाड पुठ्ठा किंवा धातूची पट्टी सरकवून दाब द्या, म्हणजे खालचं अस्तर आणि शिवण वर उमटत नाही. वस्तू मशीनच्या डोक्याखाली जाते का, हँडल आडवं येतं का, हेही आधीच बघायचं. आणि देवनागरी नावं हवी असतील तर वेलांट्या उकारांमुळे सुटी पितळी अक्षरं जुळवणं अवघड जातं, त्यासाठी आधी यादी मागवून डाय करून घ्या किंवा डाय न लागणारं डिजिटल फॉइल मशीन वापरा.

टेस्ट कशी करायची

ज्या लॉटचा माल इव्हेंटला जाणार त्याच लॉटमधला पीस घ्या, त्याच रंगाचा. काळ्यावर जमलं म्हणून बेजवर जमेलच असं नाही, रंगाबरोबर फिनिश बदलू शकतं. मशीन चांगलं तापू द्या, कारण आकडा दिसतो तो हीटरचा, पितळी अक्षरं तेवढी तापायला वेळ घेतात, आणि एसीचा झोत मशीनवर येत असेल तर आणखी फरक पडतो. मग टेम्परेचर, दाब आणि वेळ यातलं एका वेळी एकच बदला. अक्षर तुटक आलं तर उष्णता किंवा दाब कमी आहे. फॉइल अक्षराबाहेर पसरलं, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरली किंवा चमक जाऊन धुरकट झालं तर उष्णता जास्त.

पीस थंड झाला की त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, मग कोरड्या कापडाने जोरात घासा, मग तो पीस वाकवा, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं परत. दुसऱ्या दिवसाची टेस्ट सोडू नका, तेलकट आणि सॉफ्ट टच पृष्ठभाग पहिल्या तासात खरं रूप दाखवतातच असं नाही. पास झालेलं सेटिंग, फॉइलचा कोड आणि पीस एकत्र करून पिशवीत ठेवा आणि ती पिशवी इव्हेंटच्या टेबलावर असू द्या.

रंगाबद्दल थोडकंच: टॅन रंगाच्या, म्हणजे फिकट तपकिरी लेदरवर सोनेरी नाव फोटोत हरवतं, गडद हिरव्या, निळ्या, काळ्यावर सोनेरी उठून दिसतं, फिकटावर काळं किंवा कॉपर बघा.

माल मागवताना पाहुण्यांच्या आकड्यापेक्षा दहा टक्के तरी जास्त पीस घ्या, स्पेलिंग चुकणारच आणि लेदरवरचा ठसा पुसता येत नाही. इव्हेंटच्या दिवशी हॉलमध्ये सुरू करण्याआधी यातलाच एक जास्तीचा पीस मशीनखाली घालून सेटिंग परत तपासा, आणि वस्तू हातात देताना पाहुण्याला सांगा की नावावर सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका.