जुन्या गारपिटीला तारीख कशी लावावी

सोलापूर जिल्ह्यात बर्फ पडत नाही, पण सगळं शिवार पांढरंफेक झाल्याची आठवण गावोगाव निघते. ती गारांची. पारावर विषय निघाला की "त्या साली लय मार दिला" एवढ्यावर बोलणं थांबतं. कोणत्या साली, कोणत्या शिवारात, केवढी गार, हे नक्की करून नोंदवहीत लिहायचं तर आठवण आणि कागद दोन्ही हाताशी लागतात. चुका दोन्हींत असतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या असतात, म्हणून एकावरून दुसरं तपासता येतं.

सुरुवात माणसांपासून करा, कागदांपासून नको. आधी जुनं वर्तमानपत्र वाचून गेलात की प्रश्नातच उत्तर जातं. "२०१४ ची गारपीट आठवते का?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि आपल्याला आठवणारी दुसरीच गारपीट त्या सालात बसवतो. साल तुम्ही उच्चारूच नका. एकेकाला वेगळं, त्याच्या वस्तीवर गाठा. पारावर चौघांत विचारलं तर मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे आजी कन्नडमध्ये सांगत असेल तर तिला मराठीत ओढू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अर्थ नंतर घरातल्या कुणाकडून लावून घ्या.

पहिला प्रश्न पिकाचा ठेवा. साल विसरतं, पण गार पडली तेव्हा रानात काय उभं होतं हे शेतकरी विसरत नाही. ज्वारी हुरड्यात होती म्हणाला तर डिसेंबर-जानेवारी. काढून पेंढ्या रानात पडल्या होत्या किंवा खळं चालू होतं म्हणाला तर फेब्रुवारी-मार्च. कैऱ्यांचा सडा पडला म्हणाला तर बहुधा एप्रिल-मे. द्राक्षाच्या बागाईतदाराला माल उतरायचा होता की गाड्या भरून गेल्या होत्या, ते विचारा. डाळिंबाच्या बाबतीत मात्र आधी बहार (फुलोऱ्याचा हंगाम) कोणता धरला होता ते विचारा. मृग, हस्त की आंबे, हे कळल्याशिवाय फळाच्या आकारावरून महिना काढता येत नाही.

महिना बसला की सालाकडे या. "किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर?" म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या अलीकडे की पलीकडे. १९७२ चा दुष्काळ हा दुसरा खुंटा. मग घरातले खुंटे घ्या: थोरलीचं लग्न झालं होतं का, विहिरीवर मोटर होती की इंजिन, घरावर माळवद होतं की पत्रे. लग्नपत्रिका तर सोनंच. लग्नसराई आणि गारपिटीचा काळ एकच, शिवाय पत्रिकेवर तिथी, वार, तारीख तिन्ही छापलेलं असतं. मांडव उडालेलं लग्न कुठल्याही भावकीत सापडतंच.

जुन्या वहीत किंवा पंचांगात शके असेल तर हिशेब नीट करा, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. शके अधिक ७८ हे सूत्र सर्वांना पाठ असतं. पण ते चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच लागू. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि गारा नेमक्या माघ-फाल्गुनातच जास्त पडतात. शके १९३५ चा फाल्गुन म्हणजे मार्च २०१४, २०१३ नव्हे. एका वर्षाने चुकलेल्या बहुतेक नोंदी अशा घडतात.

गारेचा आकार लोक बोर, सुपारी, लिंबू, आवळा असा सांगतात. तेच लिहा, त्याचे सेंटिमीटर मनाने करू नका. घरात ती वस्तू असेल तर सांगणाऱ्याच्याच हातून निवडून घ्या आणि पट्टीने आडवी मापा. नारळाएवढी गार म्हणाला तर विचारा, पडताना पाहिली की नंतर उचलली? जमिनीवर गारा एकमेकींना चिकटून गोळा होतो, आणि तो उचलणारा त्यालाच एक गार समजतो. आकाराचा अंदाज खुणांवरूनही येतो: कौलं फुटली की नुसता पाला झडला, पत्र्याला पोचे आले की भोकं पडली. पत्रे बदलल्याची दुकानाची पावती मिळाली तर साल आयतंच हाती आलं.

आता कागद. सातबाऱ्याच्या बारामध्ये (पिकांच्या नोंदीचा भाग) पीक कळतं, गारपीट नाही. तरी त्या वर्षी त्या गटात खरंच द्राक्ष होती का, एवढं त्यावरून पडताळता येतं. जुन्या कागदात सर्व्हे नंबर असतो आणि माणसं गट नंबर सांगतात. दोन्हींचा मेळ एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट पाडले तेव्हाच्या) उताऱ्यावरून लागतो. पंचनाम्याची यादी तलाठ्याकडे किंवा तहसीलला माहिती अधिकारात मागता येते, पण ती गारेचा नकाशा समजून वाचू नका. एप्रिल २०१५ पर्यंत मदतीचा निकष किमान ५० टक्के नुकसानीचा होता, त्यानंतर ३३ टक्के झाला. म्हणजे त्याआधीच्या यादीत नाव नसलेल्याच्या रानात गार पडलीच नाही, असं होत नाही. ४० टक्के गेलेला माणूस यादीत नसणारच.

पावसाच्या सरकारी आकड्यांत आणखी एक अडचण आहे. मोजणी सकाळी साडेआठला होते आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. गारपीट बहुधा दुपारनंतरची, त्यामुळे तक्त्यात ती दुसऱ्या दिवशी दिसते. वर्तमानपत्रातही बातमी दुसऱ्या दिवशीची, आडगावची असेल तर तिसऱ्या दिवशीची. तारीख जुळत नाही म्हणून म्हाताऱ्याला खोटं पाडण्याआधी एक-दोन दिवस मागे जाऊन बघा. आणि मंडळाच्या पर्जन्यमापकावर शून्य असलं तरी गडबडू नका. गारेचा पट्टा अरुंद असतो. ओढ्याच्या अलीकडचं रान झोडपलं जातं आणि पलीकडे थेंब नसतो.

सरावासाठी २०१४ घ्या, कारण त्याची माणसं आणि कागद दोन्ही शाबूत आहेत. ती एक गारपीट नव्हती. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर पुन्हा पुन्हा गारा पडल्या. आठवणीत मात्र त्या सगळ्यांची मिळून एकच संध्याकाळ होते. सोडवायचं तर महाशिवरात्र (२७ फेब्रुवारी), लोकसभेची आचारसंहिता (५ मार्च) आणि होळी (१६ मार्च) हे तीन दिवस धरा आणि प्रत्येकाला विचारा, तुमच्याकडची गार यांतल्या कशाच्या आधी, कशाच्या नंतर? एकाच घरातून दोन वेगळी उत्तरं आली तर दोन नोंदी करा, सरासरी काढू नका. त्या काळचे मोबाइल फोटो मिळतील, पण साध्या हँडसेटची तारीख बऱ्याचदा चुकीची लागलेली असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही. मूळ मेमरी कार्डच मागा.

नोंदवहीत एका गारपिटीला एक पान द्या. वर सांगणाऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं, खाली कागदातून मिळालेलं, आणि तारखेपुढे "पक्की", "महिना पक्का" किंवा "अंदाज" यांपैकी एक शेरा. गावाच्या नकाशावर गारेचा पट्टा पेन्सिलीने काढा. पाचसहा जणांनी आपापले गट सांगितले की पट्ट्याची दिशा दिसू लागते. कर्जाचे, मदतीचे आकडे नावासह लिहायचे असतील तर आधी विचारा. भावकीत त्यावरून वाद पेटतात.

पुढच्या गारपिटीची नोंद मात्र त्याच दिवशी करा. विजा थांबेपर्यंत घरातच थांबा, झाडाखाली तर मुळीच नको. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. मग मोठ्यात मोठ्या चार-पाच सुट्या गारा उचला, शेजारी पट्टी किंवा दहाचं नाणं (व्यास २७ मिलिमीटर) ठेवून सरळ वरून फोटो काढा आणि गारा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. वीज गेलेली असणारच, तेव्हा फोटो आधी, फ्रीजर नंतर.