फळ्यासमोर उभं राहायची तयारी

जॅम, म्हणजे विज्ञानातल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत होते. आयआयटीच्या एमएस्सीला त्या गुणांवरच प्रवेश मिळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) करायची असेल, तर मात्र जॅमनंतर मुलाखत असते. मुंबईच्या टीआयएफआरलाही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) लेखी परीक्षेनंतर मुलाखत आहेच. लेखीची तयारी सोलापुरात होते. मुलाखतीची कुठे करायची, हे मला कुणी सांगू शकलं नाही. मी भौतिकशास्त्रासाठी दोनदा दिली, एकदा आपटले.

आमचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पेपरात इंग्रजी आणि खाली वडिलांचे चार पॉवरलूम. पहिल्या वर्षी पॅनेलनं आवडता विषय विचारला. ऐकायला भारी वाटतं म्हणून मी ‘क्वांटम’ म्हणाले. बंद डब्यातल्या कणाच्या लहरीचा आलेख काढायला लावला, तो पाठ होता. मग एका सरांनी विचारलं, ‘एक भिंत थोडी बुटकी केली तर ऊर्जा वाढेल की घटेल?’ मी खडू धरून नुसती उभी. उत्तर अवघड नव्हतं: लहर भिंतीत थोडी शिरते, जणू डबा रुंद होतो, म्हणून ऊर्जा घटते. हे मला परतीच्या गाडीत सुचलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे विषय निवडणं. दोनच घ्या, आणि जे खरंच येतात तेच. मी दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स आणि लहरी सांगितल्या. त्यातलं प्रत्येक सूत्र पुस्तक मिटून शून्यापासून काढायचं, आणि प्रत्येक पायरीला ‘हे गृहीत धरलं नाही तर?’ असं विचारायचं. लंबकाचा आवर्तकाल झोक्यावर अवलंबून नसतो, हे सगळे सांगतात. झोका मोठा केला की काल वाढतो, आणि का वाढतो, इथून खरी मुलाखत सुरू होते.

दुसरं, बोलत बोलत सोडवणं. ही सवय एकट्यानं वहीत लागत नाही. मी गोदामाच्या दाराला काळा रंग दिला आणि आठवीतल्या चुलतभावाला समोर बसवलं. त्याचं काम एकच, दर वाक्याला ‘का?’ म्हणायचं. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर तीनदा खेकसले. लूम चालू असताना बोलायचं म्हणजे आवाजही आपोआप मोकळा झाला, हा फुकटचा फायदा.

प्रश्न घरातच सापडतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा आमच्याकडे माठातलं पाणी फ्रीजला हसतं. आता गणित करा. माठात 12 लिटर पाणी आहे, ते 35 अंशांवरून 25 वर आणायचंय. 12 गुणिले 4.2 गुणिले 10, म्हणजे साधारण 500 किलोजूल उष्णता काढायची. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोजूल लागतात. म्हणजे पाव लिटरहूनही कमी पाणी उडालं की काम झालं. (बाहेरची उष्णता आत येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त उडतं. हे स्वतःहून बोलायचं, त्यालाच मार्क असतात.) मग पुढचा प्रश्न: तोच माठ मुंबईत एवढा गार का होत नाही? हवा दमट, बाष्पीभवन मंद. पाणी फार तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्यापर्यंत उतरतं, आणि दमट हवेत तो आकडा हवेच्या तापमानाच्या जवळच असतो. मला दुसऱ्या वर्षी नेमका माठ विचारला नाही, पण घामाबद्दल विचारलं. माठाचंच भावंड की ते!

अडलात तर ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसू नका, आणि थापाही मारू नका. तारेवरच्या लहरीच्या वेगाचं सूत्र मी ऐनवेळी विसरले. म्हटलं, ‘आठवत नाही, मितींवरून (म्हणजे एककं जुळवून) काढून बघते.’ ताण आणि लांबीमागचं वस्तुमान, या दोघांतून वेग करायचा तर ताणाला त्या लांबीमागच्या वस्तुमानानं भागून वर्गमूळ, दुसरं काही जमतच नाही. मितींवरून पुढचा स्थिरांक मिळत नाही, तेही सांगितलं. पॅनेल इशारा देतं तेव्हा तो अपमान समजू नका, धरा आणि पुढे जा.

रसायनवाल्यांनी अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण फळ्यावर काढायचा सराव करावा, जीवशास्त्रवाल्यांनी प्रयोग रचून ‘कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कोणता?’ हे आधी सांगायचा. त्यापलीकडे मला त्यातलं कळत नाही.

इंग्रजीचा बाऊ करू नका. लहान वाक्यं, हळू. मी ‘सो... सो...’ करतच सगळं सांगितलं.

बंगळूरला उद्यान एक्सप्रेस जाते, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर आहे. रात्रभर बसून थेट मुलाखतीला पोचू नका, एक दिवस आधी जा. मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती. बाहेर बसलेल्या नागपूरच्या मुलीशी ओळख त्यावरच झाली. मूळ गुणपत्रकं पिशवीत वरच्यावर ठेवा.

बाहेर पडलात की चहाच्या आधी विचारलेले प्रश्न लिहून काढा, संध्याकाळपर्यंत निम्मे विसरतात. माझ्या वहीत दोन वर्षांचे मिळून सतरा आहेत. गल्लीतली दोन पोरं ती वही घेऊन गेलीत, अजून परत आलेली नाही.