जुन्या बोटीला नवी बॅटरी घेण्याआधी

आमची शिडाची बोट सत्तावीस फुटी, फायबरची, 1984 सालची. गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली, असते. तीन वर्षांपूर्वी मांडव्याला रात्री नांगर टाकून थांबलो होतो, तेव्हा डोलकाठीच्या टोकावरचा नांगरदिवा मंद होत होत विझला. अंधारात मच्छीमारांच्या होड्या जवळून जात होत्या. बाबा आणि मी आळीपाळीने टॉर्च धरून जागलो. बॅटरी संपली असं वाटून नवी आणली, तर पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अखेर डोलकाठीच्या बुडाशी असलेला वायरीचा जोड उघडला. आत सगळा हिरवा जंगाल. वायर सोलत गेले, तर हातभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की आधी वायर बघा, बॅटरी नंतर.

मल्टिमीटर घ्या. दिवा चालू ठेवूनच बॅटरीच्या टोकांवर आणि दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. दिवा काढून मोजलंत तर कुजकी वायरही 12.6 व्होल्ट दाखवते आणि तुम्ही फसता. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरीतली घट. नेव्हिगेशनचे दिवे, रेडिओ आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसणारा) यांच्या वायरीत 3 टक्क्यांपेक्षा, म्हणजे 12 व्होल्टच्या जोडणीत साधारण 0.36 व्होल्टपेक्षा, जास्त घट चालवून घेऊ नका.

नवी वायर बारीक तारांची आणि कल्हई केलेल्या तांब्याची हवी. घरातली एकाच जाड तारेची वायर थरथरीने आतल्या आत तुटते. जाडी ठरवताना जाण्याचं आणि येण्याचं अंतर मिळून धरा. आमचा पंप 5 अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून 6 मीटरवर आहे, म्हणजे वायर 12 मीटर. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ 0.7 व्होल्ट वाया जात होते. 4 ची टाकल्यावर पाव व्होल्टवर आलं. लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) चांगल्या क्रिम्परने, म्हणजे ती दाबायच्या पकडीने, दाबा; वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लावा.

आता बॅटरी. आधी दिवसाचा विजेचा खर्च मांडा. नांगरदिव्याचा जुना 10 वॅटचा बल्ब रात्रभरात 9 अँपिअर-तास खायचा, 2 वॅटचा एलईडी 2 सुद्धा खात नाही. (अगदी स्वस्त एलईडी मात्र व्हीएचएफमध्ये, म्हणजे बोटीवरच्या रेडिओत, खरखर आणतात; लावण्याआधी रेडिओ चालू करून ऐका.) आमचा दिवसाचा खर्च 30 अँपिअर-तासांवर आला. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून आम्ही 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. तिच्यातले 80 निर्धास्त वापरता येतात. 100 वॅटचं सोलर पॅनल हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी आमचा खर्च बहुतेक भरून काढतं.

पण ही बॅटरी जुन्या इंजिनाच्या अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय चार्जिंग चालू असताना तिच्या बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) अचानक जोडणी तोडली, तर अल्टरनेटरमधले डायोड उडू शकतात. इंजिन सुरू करायला शिसे-आम्लाची वेगळी बॅटरी ठेवा आणि दोघींच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीतून दुसरी ठरावीक करंटने भरणारा) बसवा. आमचा 20 अँपिअरचा आहे, पुरतो. मुख्य फ्यूज धन टोकापासून वीतभरातच हवा, आणि लिथियमला क्लास-टी प्रकारचा, म्हणजे फार मोठा करंटही तोडू शकणारा. शॉर्ट झाल्यावर येणारा प्रचंड करंट साधा फ्यूज तोडू शकेलच असं नाही.

बिल्ज पंपाची जोडणी मुख्य स्विचमधून अजिबात नेऊ नका. त्याला स्वतःचा फ्यूज देऊन थेट बॅटरीवर घ्या. तुम्ही स्विच बंद करून घरी जाता, पाणी मात्र शिरत राहतं.

पावसाळ्यात बोट वर काढली की लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवून, दोन्ही टोकं सोडवून घरी आणा आणि कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा.