पाइपाला हात लावण्याआधी पाणी नेमकं कुठून बंद करायचं

बाथरूममधला कॉक पूर्ण आवळला तरी सिंकचा नळ वाहतोच. मग वाटतं, कॉक खराब झाला. बऱ्याचदा कॉक चांगला असतो, सिंकचं पाणीच दुसऱ्या लाईनचं असतं.

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी आधी तळटाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, पाइपांनी मजल्यामजल्याला उतरतं. या उतरणाऱ्या पाइपाला डाऊनटेक म्हणतात. एकावर एक असलेल्या बाथरूमना एक डाऊनटेक, किचनना दुसरा, मास्टर बेडरूमच्या बाजूला तिसरा. म्हणजे दोन बाथरूमच्या फ्लॅटमध्ये पाणी दोन-तीन वाटांनी शिरतं आणि अख्खं घर बंद करणारा एकच मेन कॉक बऱ्याच घरांत नसतोच. म्हणून कोणता कॉक कोणते नळ बंद करतो, हे काही फुटायच्या आधी माहीत असायला हवं. मध्यरात्री हॉलमध्ये पाणी आल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

हे शोधायला रविवारची सकाळ पुरते. घरातले सगळे कॉक आधी बघून घ्या. बाथरूमच्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर किंवा दारामागे गोल चकतीतून बाहेर आलेली मूठ दिसते, तो कन्सील्ड स्टॉप कॉक. बेसिन, सिंक, फ्लश टँक आणि गीझरखाली असतात ते अँगल कॉक. काही इमारतींत बाथरूमच्या खिडकीबाहेर डक्टमध्ये आणखी एक बॉल व्हॉल्व्ह असतो. खिडकीतून हात पोचत असेल तरच त्याला हात लावा, डक्टमध्ये उतरू नका. आता एकेक कॉक बंद करून घरातला प्रत्येक नळ उघडून बघा, गरम आणि थंड दोन्ही बाजू, जेट स्प्रे आणि वॉशिंग मशीनचा नळसुद्धा. जे कळलं ते कागदावर लिहून विजेच्या मीटरच्या बॉक्सच्या झाकणाआत चिकटवा.

एक फसगत इथे हमखास होते. अनेक सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात आणि शटडाऊनच्या, म्हणजे महापालिकेच्या पाणीबंदीच्या, दिवशी तर वॉचमन गच्चीवरचा व्हॉल्व्ह तासाभरासाठीच उघडतो. दुपारी कॉक बंद केला, नळ कोरडा झाला, काम सुरू केलं आणि संध्याकाळी सहाला पाणी सुटल्यावर उघड्या पाइपातून धार लागली, असं घडतं. पाणी तुमच्या कॉकमुळे थांबलं होतं की वेळेमुळे, हे फक्त पाण्याच्या वेळेतच कळतं. तेव्हा चाचणी पाणी चालू असतानाच घ्या.

बॉल व्हॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. पाव वळसा, एवढंच. तो सहा-सहा महिने हलवला नाही तर क्षार धरून घट्ट बसतो, म्हणून महिन्यातून एकदा बंद-चालू करायची सवय ठेवा. कन्सील्ड कॉक जुना असेल तर आत रबरी वायसर असतो. तो कडक झाला की मूठ कितीही पिळा, पाणी झिरपतच राहतं. जोर वाढवून उपयोग नाही, उलट स्पिंडलचे, म्हणजे मुठीला जोडलेल्या आतल्या दांड्याचे, आटे जातात. मूठ काढल्यावर मागे दिसणारा षटकोनी नट पाण्याच्या दाबाखाली कधीही सोडू नका. अख्खा स्पिंडल सुटून हातात येतो आणि समोर भिंतीतून धार. मुठीच्या मुळाशी थेंब येत असतील तर पुढचा छोटा नट पान्याने जेमतेम पाव वळसा आवळा, बहुधा तेवढ्यात थांबतं.

कॉक बंद करण्याआधी गीझरचं बटण बंद करा, शक्य असेल तर वीजबोर्डातला त्याचा एमसीबी स्विचही पाडा. थंड पाणी तुटलं आणि गीझरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजलेला असला तर टाकीतलं पाणी उलट्या वाटेने निघून जातं आणि कोरडी कॉइल तापून जळते. वरच्या मजल्यांवर प्रेशर पंप बसवलेला असतो, त्याचाही प्लग काढा. गळतीचं पाणी स्विचबोर्डाकडे जात असेल तर कॉकच्याही आधी त्या भागाची वीज बंद करा.

कॉक बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणी काढावं लागतं. त्या लाईनवरचा सगळ्यात खालचा नळ उघडा, तो बहुतेक बादलीचा नळ असतो. सोबत शॉवर किंवा वरचा एखादा नळही उघडा, म्हणजे हवा आत येईल आणि पाणी सुटेल. फक्त खालचाच उघडला तर थोडं पाणी पाइपात अडकून राहतं आणि नेमकं कापताना अंगावर येतं.

दहा मिनिटांनी खालच्या नळाखाली कोरडा पेला ठेवा. थेंबही नाही, तर काम सुरू करायला हरकत नाही. पाणी येतच असेल तर दोनच शक्यता: कॉक झिरपतोय किंवा पाणी दुसऱ्या वाटेने येतंय. दुसरी वाट बहुधा मिक्सरची, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र सोडणाऱ्या नळाची असते. जेट स्प्रे किंवा हँड शॉवर टोकाला बंद आणि मागे मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या असल्या की गरम लाईनचं पाणी आतल्या आत थंड लाईनमध्ये उतरतं. गीझर दोन बाथरूमना जोडलेला असेल तर शेजारच्या बाथरूमच्या डाऊनटेकचं पाणी याच रस्त्याने येतं. गीझरखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करा आणि पुन्हा पेला ठेवून बघा.

रो-हाउस किंवा बैठ्या घरात गोष्ट सोपी आहे. गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी निघणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह बंद केला की घर कोरडं. मात्र महापालिकेच्या लाईनवरून थेट जोडलेला नळ, बहुतेक अंगणातला किंवा किचनमधला पिण्याच्या पाण्याचा, त्यात येत नाही. त्याचं काम पाण्याची वेळ संपल्यावर करा. पाण्याच्या मीटरपासून रस्त्याच्या बाजूला महापालिकेचं जे काही आहे त्याला हात लावायचा नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह

कन्सील्ड कॉकच बदलायचा असेल किंवा त्याच्या आधीचा पाइप फुटला असेल, तर गच्चीवर जाण्यावाचून इलाज नाही. तो व्हॉल्व्ह सोसायटीचा आहे आणि त्या डाऊनटेकवर तुमच्या वर-खालची सगळी घरं आहेत. सेक्रेटरीला सांगा, आदल्या दिवशी लिफ्टजवळ चिठ्ठी लावा: कोणती लाईन, किती ते किती. चिठ्ठीत एक वाक्य आवर्जून लिहा, 'जेट स्प्रे किंवा नळाला लावलेली नळी बादलीत बुडवून ठेवू नका.' लाईन रिकामी होताना पाणी खाली ओढलं जातं आणि वर हवा शिरायला वाट नसेल तर ते ओढ घेतं. चौथ्या मजल्यावर कुणाची नळी साबणाच्या बादलीत बुडलेली आणि नळ उघडा असेल तर ते पाणी पिण्याच्या लाईनमध्ये जातं. हे टळावं म्हणून डाऊनटेकच्या व्हॉल्व्हनंतर टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जाणारा हवेचा पाइप असायला हवा. तो कुणी बूच मारून बंद केलेला नाही ना, तेही बघून घ्या.

आपला व्हॉल्व्ह कोणता, हे अंदाजाने ठरवू नका. गच्चीवर पाच-सहा सारखेच व्हॉल्व्ह ओळीने असतात. एकजण घरात नळ उघडा ठेवून उभा राहील, दुसरा गच्चीवरून फोनवर एकेक बंद करेल. धार लगेच थांबत नाही, कारण पाइपातलं पाणी आधी उतरायचं असतं. ४० मिमी म्हणजे दीड इंची पाइपाच्या ३० मीटर उंचीत साधारण ३८ लिटर पाणी असतं, मोठ्या दोन बादल्या. दहा मजली इमारतीत तळमजल्यावर तेवढं तरी काढावं लागणारच. सापडलेल्या व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने 'ए विंग, १०१ ते १००१, किचन' असं लिहून ठेवलं तर पुढच्या माणसाचा तास वाचतो.

जुन्या इमारतींत हे व्हॉल्व्ह चक्राचे असतात, गेट व्हॉल्व्ह. आतली पाचर खाली सरकून पाणी अडवते आणि ती जिथे बसते त्या खाचेतच टाकीचा गाळ साचतो. शटडाऊननंतर पहिलं पाणी गढूळ येतं, तेव्हा हा गाळ आणखी वाढतो. म्हणून चक्र पूर्ण फिरूनही पाणी झिरपतं. ते थोडं उघडून धारेने गाळ वाहू द्या, पुन्हा बंद करा. दोन-तीनदा केलं की बऱ्याचदा पाचर नीट बसते. चक्र अडलं तर त्याला पाइप पाना लावू नका. गंजलेला स्पिंडल मोडला आणि पाचर खालीच राहिली, तर अख्ख्या लाईनला व्हॉल्व्ह बदलेपर्यंत पाणी नाही. बंद करताना किती वळसे लागले ते मोजा. उघडताना तेवढेच वळसे झाले, तर पाचर पूर्ण वर आली. मग पाव वळसा मागे घ्या, म्हणजे पुढच्या वेळी चिकटणार नाही.

व्हॉल्व्ह काहीच अडवत नसेल तर आदल्या रात्री पंप बंद ठेवून टाकी वापरातच उतरू द्या आणि सकाळी टाकी रिकामी असताना तो काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवा. बंद टाकीत उतरून आतून बोळा कोंबायचा प्रकार करू नका. भरल्या टाकीच्या तोंडाशी हात ओढला जातो आणि आत हवाही खेळती नसते.

अँगल कॉक तुटला तर

हा प्रसंग सगळ्यात जास्त येतो. बेसिनखालचा जुना कॉक आवळताना मोडतो आणि अर्ध्या इंची भोकातून सरळ धार निघते. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे टाकी ३० मीटर वर असेल तर तीन बार. अंगठ्याने ही धार थांबत नाही. त्या लाईनचा स्टॉप कॉक बंद होत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर त्याच लाईनवरचे बाकी सगळे नळ पूर्ण उघडा, दाब बराच खाली येतो. आता १५ मिमीचा नवा अँगल कॉक घ्या, आट्यांना टेफ्लॉन टेप लावलेला आणि पूर्ण उघडा. उघडा असल्यामुळे पाणी त्याच्यातूनच आरपार जातं, ते कॉकला मागे ढकलत नाही. आटे सरळ धरून हाताने दोन-तीन वळसे बसवा, पान्याने घट्ट करा आणि मग मूठ बंद करा. एंड प्लग, म्हणजे आट्यांचं बूच, धारेवर बसवायला गेलात तर पाणी तो उडवून लावतं. घरात एक अँगल कॉक, टेफ्लॉन टेपची रीळ आणि १२ इंची पाना तयार असावा, तो याचसाठी.

जुन्या कॉकचे आटे भिंतीतच राहिले असतील तर नवा बसणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात तुटलेले आटे काढायचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो ठोकून घुसवायचा आणि उलटा फिरवायचा. सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाच्या, लाईनवर पितळी आट्यांची सॉकेट असते, तिथे हलकेच ठोका. पितळ प्लॅस्टिकमध्ये सैल झालं की टाइल फोडावीच लागते.

टेपबद्दल एवढंच: आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ८ ते १० वेढे, ताणून. उलटे गुंडाळले तर बसवताना टेप गोळा होतो.

पाइप कापायचा असेल तर

सीपीव्हीसीचा जॉइंट ओल्या पाइपावर धरत नाही. एक थेंब आत उतरला तरी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे जोड चिकटवणाऱ्या द्रवात, बारीक वाट राहते आणि आठवड्याने तिथून पाझर सुरू होतो. कॉक झिरपत असेल तर कापलेल्या जागेच्या आधीचा, खालच्या पातळीचा नळ उघडा ठेवा, झिरपणारं पाणी तिकडे वळेल. पावाचा गोळा कोंबून थेंब अडवण्याची जुनी युक्ती आहे खरी, पण तो लगदा पुढे फ्लश टँकच्या व्हॉल्व्हमध्ये आणि वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकतो. कपडा तर कधीच कोंबू नका.

पाइप सरळ कापा, आतली-बाहेरची कड ब्लेडने साफ करा, सुक्या फडक्याने पुसा. सीपीव्हीसीचाच सॉल्व्हंट घ्या, पांढऱ्या यूपीव्हीसीचा नको. पाइपावर भरपूर आणि फिटिंगमध्ये पातळ थर द्या, पाव वळसा फिरवत तळापर्यंत ढकला आणि ३० सेकंद दाबून धरा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. सुकायची वेळ डब्यावर असते. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तिच्याहून जास्त थांबा. शेजारचे घाई करतात म्हणून पाणी सोडलं तर काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपाला बारीक छिद्र पडलं असेल आणि प्लंबर उद्या येणार असेल, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून पाच-सहा वेढे द्या आणि वरून बाइंडिंग वायर पिळा. एका रात्रीची सोय होते. गंजलेल्या जागी पाना लावू नका, पुढचा तुकडाही सुटतो.

पाणी सोडताना

व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. रिकाम्या लाईनमध्ये पाणी धडकून उतरलं तर सगळ्यात कमजोर जोड सुटतो, आणि तो तुमच्याच घरात असेल असं नाही. आधी थोडासा उघडा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग पूर्ण. घरात आधी जाळी नसलेला बादलीचा नळ उघडून गंजाचं, गाळाचं पाणी जाऊ द्या. मिक्सर आणि बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळी त्याआधी काढून ठेवा. नळ फुसफुसत असेल तर लाईनमध्ये हवा आहे. वरच्या मजल्यांवर दाब कमी असल्यामुळे ती अडून बसते. तिथे सगळे नळ एकदम उघडून काही मिनिटं वाहू द्या. गरम पाण्याचा नळ मिनिटभर सलग, न थुंकता वाहिला की मगच गीझर चालू करा.

जोड लगेच कोरडा दिसला तरी काम झालं असं धरू नका. दिवसा सगळीकडे नळ चालू असतात, तेव्हा लाईनमधला दाब कमी असतो. रात्री ते बंद झाले की दाब पूर्ण चढतो. झोपताना जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि सकाळी त्यावर एखादा गोल डाग आहे का, तो बघा.