टेरिजियम लिहिण्याआधी: नव्या रेसिडेंट्ससाठी

कंजंक्टिव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, परीक्षेला एखाद्या शॉर्ट नोटपुरता येतो, म्हणून सगळे तो रेटिना-ग्लॉकोमा उरकल्यावर चाळतात. ओपीडीत मात्र तोच रोज समोर बसतो. "डोळ्यात मांस वाढलंय" म्हणणाऱ्या पेशंटच्या केसपेपरवर तुम्ही टेरिजियम (बुबुळावर सरकणारी कंजंक्टिव्हाची साधी, कॅन्सर नसलेली वाढ) लिहाल आणि बहुतेकदा बरोबरच असाल. गोची उरलेल्यांची आहे.

त्यांच्यात ओएसएसएन (डोळ्याच्या पृष्ठभागावरचा कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था) निघू शकतो. त्यालाही जागा तीच आवडते, पापण्यांच्या फटीतला लिंबस (बुबुळाची कड), आणि कारणही बरंचसं तेच, ऊन. म्हणून आधी वरची पापणी उचला, मग स्लिट लॅम्पवर सावकाश बघा. आत शिरणारी जाड रक्तवाहिनी, वर पांढरा केराटिन, जेलीसारखा उंचवटा, रोझ बेंगॉल या रंगाने रंगणारा भाग, ही ओएसएसएनची चिन्हं. टेरिजियम सहसा नाकाकडून येतो, त्यामुळे एकट्या टेम्पोरल बाजूच्या वाढीवर लगेच विश्वास ठेवू नका. अँटिरियर सेगमेंट ओसीटीत (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या स्कॅनमध्ये) एपिथेलियम (पेशींचा सर्वांत वरचा थर) जाड, चकाकतं आणि एकाएकी बदललेलं दिसलं, तर शंका पक्की धरा. पेशंट तरुण असेल तर समुपदेशन आणि संमती घेऊन एचआयव्ही तपासा. आणि "लाल आहे ना, स्टिरॉइड देऊन बघू" हा सल्ला कितीही मोठ्या सरांनी दिला तरी माझ्या मते तो आळस आहे. लाली उतरते, गाठ तिथेच राहते.

आता खरा सापळा. आमच्या बॅचमधले बहुतेक इथेच अडकले, मीही. नो-टच पद्धत (गाठीला हत्यार न लावता ती काढणं), ४ मिमी मार्जिन (भोवतालची निरोगी कड), कडांना दुहेरी फ्रीज-थॉ क्रायो (दोनदा गोठवून वितळू देणं), हे सगळं पाठ असतं. पण काढलेला तुकडा थेट फॉर्मलिनमध्ये टाकला की तो गुंडाळतो. मग पॅथॉलॉजिस्टला कड कुठली आणि तळ कुठला हे कळत नाही, रिपोर्टमध्ये मार्जिनबद्दल काहीच नसतं, आणि पुढे औषधाचे थेंब द्यायचे की नुसतं बघत राहायचं हे ठरवता येत नाही. तुकडा सुचरच्या पाकिटातल्या पुठ्ठ्यावर किंवा फिल्टर पेपरवर एपिथेलियम वर ठेवून पसरा. काही मिनिटं चिकटू द्या. लिंबसची बाजू आणि १२ वाजताची दिशा पेन्सिलने लिहा, कारण पेनाची शाई पुसली जाते. मगच १० टक्के फॉर्मलिन. नर्सबाई घाई करतील, करू द्या. साधा वाटणारा टेरिजियमही कचऱ्यात जाऊ देऊ नका, हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा.

एवढं वाचून धसका घेऊ नका. ओएसएसएन बहुधा संथ असतो, लांब पसरणं विरळ. पुष्कळांना नुसत्या थेंबांनी आराम पडतो. १ टक्का ५-एफयू (कॅन्सरविरोधी औषध) दिवसातून चार वेळा, एक आठवडा चालू, तीन आठवडे बंद, ही स्वस्त आणि चांगली वाट आहे. इंटरफेरॉन सौम्य, पण खिशाला जड. मायटोमायसिन, हेही कॅन्सरविरोधी औषध, मात्र शिकाऊ हातात नको, लिंबसच्या स्टेम सेल्स जातात.

काळ्या डागांचं थोडक्यात: आपल्याकडे दोन्ही डोळ्यांत लिंबसभोवती तपकिरी छटा असते, त्यावरून पेशंटला घाबरवू नका. नेव्हसमध्ये (तिळात) सिस्ट (द्रवाच्या बारीक पिशव्या) दिसल्या तर हायसं वाटून घ्या. मोठ्या वयात एकाच डोळ्यात नवा डाग आला किंवा जुना वाढू लागला, तर फोटो काढून वरिष्ठांना दाखवा. फॉर्निक्समध्ये (पापणीच्या आतल्या खाचेत) गुलाबी-केशरी मऊ पट्टा दिसला की लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) डोक्यात ठेवा. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठी चाचपायला विसरू नका.

शॉर्टकटवाल्या नोट्सपेक्षा पॅथॉलॉजीचा रेसिडेंट मित्र जास्त शिकवतो. रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच्या मायक्रोस्कोपखाली स्वतः जाऊन बघा, बेसमेंट मेम्ब्रेन (एपिथेलियमखालचा पातळ थर) शाबूत आहे की फुटलंय.