औषधाचा अभ्यास वाचताना वजाबाकी करा
मी अपघात विभागात सिस्टर आहे. आमच्या नव्या मुली शोधनिबंध हातात आला की थेट निष्कर्षावर जातात. तसं करू नका गं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला क्रॅश-२ नावाचा अभ्यास घ्या: ४० देश, रक्तस्राव झालेले किंवा तसा धोका असलेले २०,२११ जखमी.

आधी तुलना कशाशी, ते बघा. इथे निम्म्यांना ट्रानेक्झामिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

मग आकडे. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. कोणी मूळच्या १६ च्या मानाने ‘नऊ टक्के घट’ म्हणेल, तेही खोटं नाही. पण वजाबाकी दीडच येते. म्हणजे साधारण ६७ जणांना दिलं की एक जास्त वाचतो. इतक्या स्वस्त औषधाला हे भरपूरच, असं माझं मत.

खरी गोम याच अभ्यासाच्या पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात आहे, तिथे सावकाश वाचा. इजेनंतर तीन तासांच्या आत फायदा. त्यापुढे दिल्यास रक्तस्रावाचे मृत्यू उलट वाढलेले. म्हणून केसपेपरवर दाखल झाल्याची नव्हे, अपघाताची वेळ लिहा. नातेवाईक ‘मघाशी’ म्हणतात, तेवढ्यावर भागवू नका. घड्याळात किती वाजले होते, विचारा.